टाळी झाली

शाळेतली नोकरी सोडून सुप्रियाबाई माहितीपट करायला लागल्या, तेव्हापासून प्रत्येक शॉटआधी त्यांचे यजमान प्रफुल्ल कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायचे. आवाज आणि चित्र जुळवायची ती खूण. मग बाई म्हणायच्या, "हं, बोला."

प्रफुल्ल वारल्यावर, अर्धवट राहिलेल्या चित्रीकरणासाठी तिगावच्या संत्र्याच्या बागेत बाई एकट्याच आल्या. कॅमेरा लावून नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटी संत्री तोडणाऱ्या मंगलाताईंनी टोपली खाली ठेवली आणि स्वतःच टाळी वाजवली.

"झाली टाळी, बाई. आता म्हना ना तुमचं ते."

सौंसरच्या सभागृहात बागेवरचा तो माहितीपट संपला, तेव्हा टाळ्या थांबता थांबेनात. भाषणासाठी दिलेला माइक बाईंनी शेजारी बसलेल्या मंगलाताईंच्या हातात ठेवला आणि पिशवीतून कॅमेरा काढून डोळ्याला लावला.

"हं, बोला."