तिजोरीतलं खाकी पाकीट

आईने मृणालला तिजोरीचा नंबर पहिल्यांदाच सांगितला, तोही हॉस्पिटलच्या खाटेवरून. दुसऱ्या दिवशी तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं आणि विम्याचे मूळ कागद हवे होते.

लहानपणी मृणालला आणि हेमंतदादाला त्या तिजोरीजवळ कुणी फिरकू दिलं नव्हतं. आता कागद वरच सापडले, तरी आत आणखी काय आहे ते बघितल्याशिवाय तिला राहवेना. पाटल्यांच्या डबीखाली एक जुनं खाकी पाकीट निघालं. त्यात दत्तकपत्र होतं. मुलाचं नाव हेमंत, वय तीन महिने.

ती फरशीवरच बसली. तीनदा वाचून तिने ते होतं तसं ठेवून दिलं.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये दादा चहा घेत उभा होता. विम्याचे कागद हातात घेताना त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"पाकीट वाचलंस?"

तिने मान हलवून होकार दिला.

"मी बारावीत असताना वाचलं. बाबा एकदा तिजोरी उघडी ठेवून गेले होते."

"मग आईला कधी विचारलं नाहीस?"

"विचारणार होतो. पण मला कळलंय हे तिला कळलं, तर तिची झोप उडेल."

मृणालने त्याच्या हातातला कप घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मग दोघं आत गेले.

"बाकी कशाला हात नाही ना लावलास?" आईने विचारलं.

"नाही गं आई," मृणालच्या आधी दादाच म्हणाला आणि त्याने आईचं पांघरूण नीट केलं.