पेडलवरचा ठोकळा

प्रदर्शनातल्या विंटेज गाडीपुढच्या पाटीवर जुन्या मालकांची चार नावं होती: एक जहागीरदार, एक गिरणीमालक, एक डॉक्टर, एक बिल्डर. चौघेही पुरुष. पाटी वाचणारी ती थबकली: ‘डॉक्टर’ म्हणून तिच्या वडिलांचं नाव होतं. ते शाळेत कारकून होते.

“क्लचवरचा तो लाकडी ठोकळा ना, ताई? डॉक्टरसाहेबांच्या ड्रायव्हरचा जुगाड,” आताचा मालक हसला. “परीक्षकांनी गुण कापले त्यापायी. उद्या उखडून टाकतो.”

“डॉक्टर माझी आई होती!” ती कडाडली. “गाडी तिची आणि ठोकळाही तिनेच बसवून घेतलेला. डावा पाय आखूड होता तिचा. बाबांना सायकलसुद्धा येत नव्हती.”

“गाडीबरोबर मिळालेल्या जुन्या फोटोत तर स्टिअरिंगवर साहेबच आहेत की. पुरावा काय?”

तिने पिशवीतून आईचे बूट काढले. डाव्याचा तळवा जाड होता. गाडी चालवताना तो पेडलांत अडकायचा, म्हणून आई अनवाणीच क्लच दाबायची. तिने मालकाच्या हातात टेप कोंबली. “मोजा.”

डावा तळवा उजव्यापेक्षा एकसष्ट मिलिमीटर जाड निघाला. मग तो टेप घेऊन गाडीत वाकला. ठोकळा भरला एकसष्ट मिलिमीटर.