चाकं खाली

"चाकं परत एकदा बघ," वडील म्हणाले.

सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. तरी तिने रिमोटचं बटण दाबलं. फोमच्या छोट्या विमानाच्या पोटातून दोन बारीक चाकं कुरकुरत बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. वडील कावळ्यासारखी मान तिरकी करून बघत होते. त्यांच्या नजरेतून समोरचं सगळं पुसलं गेलं होतं, कडेकडेचं तेवढं उरलं होतं. गेल्या खेपेला डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन दिलंच नाही. काय पाहायचं असेल ते पाहून घ्या, एवढंच म्हणाले.

वडिलांना एकच गोष्ट पाहायची होती. हे लढाऊ विमान वर जावं, फिरून यावं आणि चाकं खाली सोडून जमिनीवर टेकावं. कुणाला म्हातारपणी नातवंड हवं असतं, कुणाला समुद्राकाठी घर. यांना हे हवं होतं, आणि दिवस हातातून निसटत होते.

ती फ्रिजच्या गोदामात कामाला होती. खोक्यांतला फोम तिथे फेकूनच देत, तो ती घरी आणायची. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गरम तारेने पंख कापायची. घरभर पांढरा भुगा, अगदी चहातसुद्धा. रांधा, वाढा, उष्टी काढा आणि वर विमानंही उडवा, असं ती स्वतःशीच म्हणायची.

आराखडा मात्र वडिलांचा. डोळे धड होते तेव्हा त्यांनी तो पुठ्ठ्यावर काढला होता, विमान खालून दिसतं तसा. पंखांचा उतार, इंजिनाशी तेलाचा काळा ओघळ, सगळं बारकाईने. वरून, बाजूने कसं होतं, असं विचारलं की म्हणत, "कर तुझ्या मनाने." तिला त्यात नवल वाटलं नाही. मेकॅनिकचं आयुष्य विमानाच्या पोटाखालीच जायचं.

पंखांवर आपल्या देशाची खूण रंगवायची का, असं तिने एकदा विचारलं होतं.

"नको. ती दिसत नाही," ते म्हणाले होते. डोळ्यांचंच दुखणं, असं समजून तिने विषय सोडला.

लढाईबद्दल ते कधी बोलत नसत. मी खाली जमिनीवर होतो, इतकंच. म्हणजे मेकॅनिक, असं तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. पण उजवा कान तेव्हापासूनच गेलेला. नंतर जन्मभर त्यांनी शिवणयंत्रं दुरुस्त केली. आणि आई जाण्यापूर्वी एकदा म्हणाली होती, "एक विमान परत आलं नाही बघ. चाकांचं काहीतरी झालं होतं. ते यांना आतून खातं. तू विचारू नकोस." तिने विचारलं नाही. दोन आणि दोन चार करायला विचारावं कशाला लागतं? एखादा पेच ढिला राहिला असेल बिचाऱ्यांच्या हातून.

आधीची सगळी विमानं नाकावर आपटली होती. चाकं बाहेर आली की हवा अडायची, वेग पडायचा आणि विमान दगडासारखं खाली यायचं. मैदानावर नेहमी येणारा एक गृहस्थ होता. शिडीच्या वरच्या पायरीपेक्षा उंच तो आयुष्यात चढला नव्हता, पण सगळे त्याला कप्तान म्हणत. तो परोपरीने सांगायचा की खाली गवत आहे, चाकांचा सोस सोड आणि पोटावर उतरव.

तेव्हा वडील पहिल्यांदाच चिडले. "चाकं दिसली पाहिजेत. लांबूनच दिसली पाहिजेत. त्याशिवाय उतरवायचं नाही."

आज कप्तानने विमान उचललं आणि वाऱ्याच्या तोंडावर फेकलं. ते थोडं झुकलं, सावरलं आणि चढलं. तिच्या जिवात जीव आला. तिने मोठं वळण घेतलं आणि विमान वडिलांच्या डोक्यावरून नेलं.

"दिसतंय," ते म्हणाले. त्यांनी मान आणखी तिरकी केली. "पोट दिसतंय."

मैदानाच्या टोकाला तिने विमान वळवलं आणि बटण दाबलं. चाकं आली नाहीत. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा नाही.

"चाकं?" वडिलांनी विचारलं.

"येताहेत, बाबा," ती खोटंच म्हणाली आणि आणखी एक फेरी मारली. रिमोट पिंपिं करू लागला. विमानाची बॅटरी संपत आली होती. नवा फोम कापायचा, पंख चिकटवायचे, तोवर हे डोळे राहतील की नाही, कुणी सांगावं? तिला रडू फुटलं.

"अडकली, बाबा. उतरत नाहीत. काय करू मी?"

त्यांनी तिची बाही घट्ट धरली. चेहरा पांढराफटक पडला होता. विमान समोरून, अगदी कमी उंचीवरून, सरळ त्यांच्याच दिशेने येत होतं.

"येऊ दे," ते म्हणाले.

"अहो बाबा, चाकं वर आहेत."

"दिसतंय मला. तसंच येऊ दे त्याला."

तिने मोटर बंद केली. विमान गवतावर पोट घासत आलं, जरासं फिरलं आणि थांबलं. पंख शाबूत होते, शेपूट शाबूत होती. कप्तानने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले, कारण वडील चाचपडत जाऊन विमानाशेजारी गुडघ्यांवर बसले होते आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. ते रडत होते. तिने त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

ती त्यांच्याजवळ बसली. आपण त्यांची शेवटची इच्छाही धड पुरी करू शकलो नाही, हे तिला सहन होत नव्हतं. "चाकं कुणाच्याही हातची अडकतात, बाबा," ती म्हणाली. "तुमचा काय दोष त्यात? दुरुस्त करणारा माणूस आणखी किती करणार?"

"दुरुस्त करणारे वेगळे होते," ते म्हणाले. "आपलं विमान असेल तर ते चाकं खाली सोडून येईल, असं आम्हाला सांगून ठेवलेलं होतं. ते चाकं वर ठेवूनच आलं, आणि तोफेवर मी होतो."