दुसरा माईक

सत्त्याण्णव साली सरपंच म्हणून निवडून आली नवसाबाई, पण विंचूरजवळच्या त्या गावात सगळे ‘सरपंच’ म्हणायचे ते तिच्या नवऱ्याला, निवृत्तीभाऊंना. मागच्या ग्रामसभेत तिनं पाण्याचा विषय काढला, तर भाऊंनी तिच्या माईकवर सरळ पंजाच ठेवला. साउंडच्या मिक्सरवर बसलेल्या इब्राहिमच्या ते डोक्यात गेलं होतं.

या सव्वीस जानेवारीला भाऊ सभेआधीच मिक्सरपाशी आले. “इब्राहिम, सरपंचाचा आवाज पार वेशीपर्यंत गेला पाहिजे. दुसरा माईक निस्ता शोभेला हाय, तो बंदच ठेव.”

“तुम्ही म्हणाल तसं, भाऊ.”

इब्राहिमनं एका माईकचा चॅनल शून्यावर आणला. दुसऱ्याचा बास उतरवला, ट्रेबल चढवला, बारीक आवाजसुद्धा खणखणीत निघेल असा.

सभा भरली. भाऊ उठून बोलायला लागले, तर भोंग्यातून हूं की चूं नाही. माईक ठोकून ठोकून शेवटी ते ओरडले, “इब्राहिम, सरपंचाचा आवाज कुठाय?”



नवसाबाईनं आपला माईक पुढ्यात ओढला आणि पार वेशीपर्यंत ऐकू गेलं, “हा काय, इथं हाय!”