ओंडक्यावरचा पाहुणा

निरोप घेऊन लोरेतो आला तेव्हा आल्बिना मका वाटत होती. तो कुंपणाबाहेरच्या पीचच्या झाडाखाली बसला, घराकडे पाठ करून, आणि दरीपलीकडचा डोंगर बघत राहिला. आल्बिनाच्या वडिलांनी, सिप्रियानोंनी, त्याला पाहिलं. त्यांनी आधी शेळ्या आत घेतल्या, हात धुतले, मग भाजल्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून वाडगा भरला आणि बाहेर गेले. मेक्सिकोतल्या रारामुरी लोकांच्या डोंगरात पाहुणा असाच येतो. बाहेर बसतो, घरातला माणूस बाहेर येईपर्यंत. न बोलावता थेट दाराशी जातात ती कुत्री, नाहीतर शहरातले लोक.

निरोप मात्र घाईचा होता. आल्बिनाला शहरातल्या हायस्कूलची शिष्यवृत्ती मिळाली होती, राहण्याजेवणासकट. पण कागदावर अंगठा द्यायला घरचं कोणी आलंच नाही, असं शिष्यवृत्तीच्या कचेरीचं म्हणणं होतं. उद्या दुपारपर्यंत कोणी आलं नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

आल्बिनाच्या हातातला वरवंटा थांबला. बाबा तर गेले होते. पहाटे उठून गेले होते आणि अंधार पडल्यावर परत आले होते, आणि काही दिवसांनी पुन्हा तसेच गेले होते. काय झालं म्हणून तिने विचारलं तेव्हा म्हणाले होते, अजून बोलणं झालं नाही.

चुलीपाशी आत्या हसली. "कचेरीपर्यंत पोचला असेल तर बोलणं होईल ना. वाटेत कुणाच्या शेतावर मक्याची दारू निघाली असणार. माझाच भाऊ आहे, मी ओळखते त्याला."

सिप्रियानोंनी ऐकलं आणि सोडून दिलं. उद्या दोघं जाऊ, एवढंच ते म्हणाले. बोलायचं त्यांच्या नेहमीच जिवावर येई. आल्बिनाला वाटलं, यांना आपल्याला पाठवायचंच नाही. तोंडाने नाही म्हणवत नाही, म्हणून नुसता वेळ काढताहेत. शेळ्या कोण बघणार, मका कोण वाटणार, हेच असणार डोक्यात. तिला फार राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

सकाळी ती पुढे चालली, ते मागे. घाट चढून वर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. सिप्रियानोंना ते चाललं. न बोलता चालायला त्यांना आवडायचंच; पोरगी रुसली आहे हे त्यांच्या लक्षात तरी आलं की नाही, कोण जाणे.

कचेरी मोठ्या रस्त्याला लागून होती. आल्बिनाने दार ठोठावलं आणि ती आत गेली. निवासी शाळेत लहानपणापासून तिला हेच शिकवलं होतं, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबा मागोमाग येतील असं तिने धरलं होतं. ते आले नाहीत.

टेबलाशी रोसाल्वा बाई होती. बाई मनाने चांगली, पण कामाने पिचलेली. वाट बघून बघून थकले ग, असं ती म्हणाली. घरच्यांना पोरगी पाठवायची नसली की ते भांडत नाहीत, नाही म्हणत नाहीत, नुसते येत नाहीत. असं तिने पुष्कळदा पाहिलं होतं. "तुझे वडील आज तरी आलेत का?"

मलाही तेच वाटतं, असं आल्बिनाच्या अगदी ओठावर आलं होतं. ते गिळून तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे वखारीसमोर पाइनचा एक ओंडका पडला होता. त्यावर सिप्रियानो बसले होते, कचेरीकडे पाठ करून. टोपी मांडीवर होती. चाकूने ते लाकडाचा चमचा कोरत होते.

रोसाल्वा बाई उठून खिडकीशी आली. "हे? हे तुझे वडील?" ती म्हणाली. "अगं, गेल्या आठवड्यात हा माणूस कचेरी बंद होईपर्यंत तिथेच बसला होता. त्याच्या आधीही एकदा. मला वाटलं लाकडाच्या ट्रकची वाट बघतोय."

ओंडक्यापाशी ढलप्यांचा ढीग होता. वरच्या ढलप्या ताज्या, पिवळसर. खालच्या पावसात भिजून, वाळून करड्या पडलेल्या. आल्बिना त्या करड्या ढलप्यांकडे बघत राहिली. सकाळपासून आपण ज्यांच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही, ते आपल्यासाठी इथे दिवस दिवस बसून होते, हे तिला कळलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"मग आत का नाही आले?" बाईने विचारलं. "दार ढकललं की उघडतं."

आल्बिनाला शाळेतली भाषा चांगली येत होती. तरी हे सांगायला तिला थोडा वेळ लागला.

"ते आले होते, बाई," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर आला नाहीत."

रोसाल्वा बाई टेबलाकडे वळली. तिने कागद घेतला, शाईची डबी घेतली आणि ती रस्ता ओलांडून गेली. सिप्रियानोंनी चाकू मिटला आणि सरकून तिला ओंडक्यावर जागा करून दिली. बाई शेजारी बसली. तुम्हाला उगाच तिष्ठत ठेवलं, माफ करा, असं ती म्हणाली. आल्बिनाने ते त्यांना आपल्या भाषेत सांगितलं. 

सिप्रियानोंनी अंगठा शाईत टेकवला, मग कागदावर, आणि तो पुसायला एक ढलपी उचलली.

"त्यांना सांग, हरकत नाही," ते म्हणाले. "बाई कामात होत्या. आज नसत्या आल्या, तर मी उद्या येऊन बसलो असतो."