गळतीची चाचणी

रात्रीतून पाणी दोन मिलिमीटरनं वाढलं होतं.

वैदेहीनं पट्टी पुसून पुन्हा धरली. आकडा तोच. गळकी टाकी रिकामी होते, धड टाकी उन्हानं थोडी उतरते. आपोआप वाढत कुठलीच नाही. शिडीवरूनच तिनं खाली मेंढ्या सोडणाऱ्या धोंडीबाला विचारलं, कुणी पाणी टाकलं का.

"बाया टाकत्यात पहाटं," धोंडीबा म्हणाला. "येता-जाता तांब्या-तांब्या. पद्धत हाय आमची."

"मेंढ्यांसाठी?"

"मेंढ्या कितीशा पित्यात? आईला इचारा."

चुडाव्याच्या शिवारात, रुळांपासून हाकेच्या अंतरावर ही लोखंडी टाकी दगडी चौथऱ्यावर उभी होती. एके काळी ती वाफेच्या इंजिनामागं कोळसा आणि पाणी वाहायची. रेल्वेतले लोक तिला टेंडर म्हणत. आता चाकं नव्हती, वरचा पत्रा कापलेला होता, पण रिवेटच्या रांगा शाबूत होत्या आणि बाहेरून रंगाचा ताजा हात होता. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली वैदेही पूर्णा इंजिन शेडच्या जुन्या टेंडरांचा माग काढत होती. अकरांपैकी नऊ भंगारात गेली होती. दहावं एका पेट्रोल पंपामागं गंजत होतं. हे अकरावं. मागच्या पत्र्यावरचा नंबर आजोबांनी सांगितला होता तोच होता.

आजोबा म्हणजे अप्पाराव, मालगाडीचे ड्रायव्हर. मे १९७३ मध्ये चुडावा सोडल्यावर त्यांच्या इंजिनाचं पाणी वाटेतच संपलं. बॉयलर वाचवायला त्यांना आग खाली ओतावी लागली आणि अख्खा मार्ग अडकला. चौकशीत त्यांनी लिहून दिलं, की इंजिनात कोळसा घालणाऱ्या फायरमन रंगनाथनं पूर्णेला टेंडर भरलंच नाही. रंगनाथ एवढंच म्हणाला, भरलं होतं. त्याची नोकरी गेली. पुढं तो वारलाही. आता ब्याऐंशीव्या वर्षी अप्पारावांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. टेंडर गळत असेल, तर एका खऱ्या माणसाला त्यांनी घालवलं होतं. यातलं गावात काही बोलायचं नाही, असं त्यांनी नातीकडून कबूल करून घेतलं होतं.

वैदेहीनं प्रत्येक सांधा आधीच तपासला होता. कुठं ठिगळ नव्हतं, वेल्डिंग नव्हतं; म्हणजे तेव्हा गळत असती, तर आताही गळली असती. उरली होती पाण्याची चाचणी, आणि ती या बायांनी बिघडवली होती.

ती धोंडीबाच्या आईकडं, कासाबाईकडं गेली. दोन दिवस कुणी थेंबभर पाणी टाकू नये, एवढीच विनंती केली. कासाबाईनं टाकीकडं बघितलं.

"टाकी आली तवापासून खाडा न्हाई, पोरी."

"दोनच दिवस, मावशी."

शेवटी ती तयार झाली. स्वतःच चौथऱ्याशी बसली आणि आलेल्या बायांना थांबवू लागली. बायांनी पाणी परत नेलं नाही. तांबे, कळश्या चौथऱ्याच्या कडेला ओळीनं ठेवल्या, वर ताटल्या झाकल्या. वैदेहीला हसू आलं. तिनं टाकीतल्या पाण्यात पाणी भरलेलं एक घमेलं तरंगत ठेवलं. उन्हानं उडेल ते दोन्हींतून सारखंच उडेल. टाकीतून जास्त गेलं, तर ती गळती.

दिवसातून दोन नोंदी पुरेशा होत्या. ती दर तासाला शिडी चढत होती. अप्पारावांचा फोनही दर तासाला येत होता. काय निघालं, विचारायचे, आणि ती बोलायच्या आत ठेवून द्यायचे.

मधल्या वेळात धोंडीबा माहिती पुरवत होता. त्याचे वडील रामकिशन यांनी हे टेंडर पूर्णेच्या लिलावातून आणलं. याहून चांगल्या टाक्या तिथं होत्या, पण म्हातारा याच नंबरासाठी अडून बसला. वैदेहीनं वहीत लिहिलं: कारण अज्ञात.

कासाबाई आपल्या लग्नाचं सांगत होती. "बहात्तरच्या दुष्काळात आले मी. हिरी कोरड्या. नव्या नवरीचे पाय धुवायला पाणी न्हवतं. तशीच आत घेतली मला."

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीचं पाणी अकरा मिलिमीटर उतरलं होतं. घमेल्यातलंही अकरा.

अप्पाराव रिक्षा करून आले. बसायला बाज दिली तर बसेनात. टाकीभोवती फेऱ्या घालत राहिले. वैदेहीनं वही पुढं केली. त्यांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं.

"म्हणजे गळत नव्हतं."

"नाही, आजोबा. कधीच नाही."

"म्हणजे मी खरं लिहिलं."

ते बाजेवर टेकले. चष्मा काढून पुसला आणि स्वतःहून चहा मागितला. चुडाव्याच्या चहाची चव अजून जिभेवर आहे, म्हणाले. समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगला रोज पाऊण तास गाडी थांबायची, ते स्टेशन मास्तरांकडं चहाला जायचे, इंजिन रंगनाथवर सोडून. मग जीभ सैल झाली. आपणच घातलेली अट विसरून त्यांनी सगळं सांगितलं: आग, चौकशी, लिहून दिलेला कागद.

"बिचारा शेवटपर्यंत एकच धरून बसला. भरलं होतं म्हणे," ते म्हणाले. "भरलं होतं तर गेलं कुठं?"

कासाबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"कामावरून काढलं त्यास्नी?"

"काढलं. काढायलाच पाहिजे होतं."

कासाबाई उठली. चौथऱ्याशी जाऊन तिनं पहिल्या कळशीवरची ताटली काढली, शिडीच्या दोन पायऱ्या चढली आणि कळशी टाकीत ओतली. मग वळली.

"भरलं व्हतं, दादा. तुमी चहाला गेल्यावर त्यांनी आमच्या कळश्या भरल्या. ते पाणी आमी पेलो."