दुधाची पारख

वाटीतल्या दुधात मुंगीनं दोन-चारदा पाय झाडले आणि ती उताणी होऊन थांबली. रुखमाबाईनं वाटी सुनेच्या डोळ्यांपुढे धरली.

"हे पाह्य. तुह्या दुधात विष हाये."

 भागीरथाला वाटलं, हे आपल्याला आधीच ठाऊक होतं. पहिला मुलगा देशातल्या पहिल्या मतदानाच्या हिवाळ्यात गेला, दोन महिन्यांचा होऊन. दुसरी मुलगी बारशाआधीच गेली. मुलाला ताप होता, मुलगी जन्मतःच नाजूक होती. पण दोघंही तिच्याच अंगावर पीत होती. आता ही तिसरी. तीन दिवस रिवाजाप्रमाणे गूळपाण्यावर ठेवलेली. आज तिला पहिल्यांदा पाजायचं होतं. सासूनं तिला उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

रुखमाबाई दुष्ट नव्हती. शेजारच्या पत्रूच्या घरून ती रोज बकरीचं दूध आणायची, त्यात पाणी घालायची आणि कापसाच्या वातीनं थेंब थेंब पोरीच्या ओठांवर सोडायची. माझा मुखरू याच दुधावर वाढला, असं सांगायची. तो मुखरू, भागीरथाचा नवरा, सागाच्या तोडीवर जंगलात गेला होता. महिनाभर तरी येणार नव्हता. सिंदेवाहीचा दवाखाना बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

पोरगी रडली की भागीरथाची चोळी भिजायची. ती परसात जाऊन दूध मातीत पिळून टाकायची आणि कोंबड्यांनी चोच मारू नये म्हणून वरून माती लोटायची. तिथं वाकलेली असताना तिला गेलेल्या दोघांचं चोखणं ऐकू यायचं. किती निर्धास्त प्यायची ती दोघं. आपण मांडीवर घेऊन, डोक्यावरून हात फिरवत त्यांना मारलं, हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. मुखरूजवळही नाही.

नवव्या दिवशी पोरीला जुलाब लागले. अकराव्या दिवशी तिचं रडणंही बंद झालं.

त्या दुपारी रुखमाबाई धान चुरायला खळ्यावर गेली होती. वात भिजवायला भागीरथानं वाटी पुढं ओढली, तर बकरीच्या दुधात एक लाल मुंगी पडलेली. मेलेली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं दुसऱ्या वाटीत प्यायचं पाणी घेतलं. उंबऱ्यावरची एक मुंगी चिमटीत धरून त्यात सोडली. ही जरा जास्त वेळ पाय मारत राहिली. मग तीही थांबली.

रुखमाबाई परतली तेव्हा दोन्ही वाट्या दारात मांडलेल्या होत्या. कोणत्या वाटीत काय, ते भागीरथानं सांगितलं. आवाज चढवला नाही.

"बाई, पाण्यातबी मेली. मंग आपन कसे जित्ते हावो?"

तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि चोळीची गाठ सोडली.  पोरीच्या अंगात ओढायचीही ताकद नव्हती. भागीरथानं दूध पिळून तिच्या तोंडात सोडलं. ते गालावरून ओघळलं. पुन्हा सोडलं. केव्हातरी पोरीचा इवलासा गळा हलला.

रुखमाबाईनं पोरीला हिसकावून घेतलं नाही. ती अंगावरच्या कोंड्यासकट दारातच बसली. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी पोरगी घर दणाणून रडली. भागीरथानं तिला छातीशी धरलं तशी ती घटाघट प्यायला लागली. रुखमाबाई जवळ येऊन बसली. पिणाऱ्या त्या तोंडाकडे ती कितीतरी वेळ बघत होती.

"मुखरूच्या आंधी मले तीन झाले होते," ती म्हणाली. "माह्या सासूनंबी मुंगीच टाकली होती. म्या एकालेबी पाजलं नाई."